हात वर केला तरी कॉलर मानेलाच: जुन्या सिनेमातले सूट आणि लंडनचे शिंपी

अर्धी_बाही | सोमवार, रात्री ११.१२

मंडळी, शनिवारी रात्री 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' पुन्हा पाहिला. कितव्यांदा ते विचारू नका, बायको मोजते. हिचकॉकबद्दल बोलायचं नाहीये. माझा प्रश्न सुटाचा आहे.

१९५९ चा सिनेमा. कॅरी ग्रँट एका राखाडी सुटात जवळपास सगळा सिनेमा काढतो. त्यातच त्याला दारू पाजून गाडीत कोंबतात, त्यातच तो रेल्वेने जातो, त्यातच ते फवारणीचं विमान मागे लागतं आणि हा धुळीत पालथा पडतो, मक्यात शिरतो, टँकरखाली जाता जाता वाचतो. पुढे हॉटेलात सूट झटकून इस्त्रीला देतात की हा परत वरातीला निघाल्यासारखा तयार! तो रस्त्यात उभा राहून हात हलवत टँकर थांबवायला बघतो ना, तिथे नीट पाहा. कोट अंगाबरोबर राहतो. पोत्यासारखा वर येत नाही.

आता माझं ऐका. लग्नातला सूट, एका मोठ्या दुकानातून, रीतसर माप देऊन शिवलेला. रिसेप्शनला मामाच्या खांद्यावर हात टाकला की कोट थेट कानाला. अख्ख्या अल्बममध्ये मी मान आत घेतलेल्या कासवासारखा दिसतो. दुकानात तक्रार केली तर म्हणाले, "सर, फोटोत हात खाली ठेवायचा ना."

तर हा फरक पैशाचा, कापडाचा की ग्रँटच्या खांद्यांचा?

बेरकी_बोका | सोमवार, रात्री ११.४०

देखण्या माणसाने गोणपाट घातलं तरी लोक विचारतात, कुठून घेतलं. आणि तो एक सूट नव्हता हो. एकसारखे अनेक शिवून ठेवले होते, एक मळला की दुसरा. आपण एकावर वीस लग्नं काढतो.

सुईदोरा | मंगळवार, सकाळी ७.०५

अहो, यात रहस्य कसलं! घरातल्या कुठल्याही बाईला विचारा. ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचं भोक, खोल गेला की दोरीवर कपडे वाळत घालताना ब्लाउज वर चढतो. मुंढा काखेलगत असेल तर हात कितीही वर करा, ब्लाउज जागचा हलत नाही. कोटाचंही तेच.

लोकांना उलटं वाटतं. मुंढा मोठा म्हणजे हाताला मोकळीक, असा समज. पण बाही अंगाला जिथे जोडली आहे तो जोड खांद्याच्या सांध्यापासून जितका लांब, तितकं हात उचलल्यावर खालचं सगळं कापड ओढलं जाणार. बाही वर, बाहीबरोबर कूस वर, कुशीबरोबर कॉलर वर. तुमचं कासव झालं ते असं.

माझे वडील कोटाचे कारागीर. आता मी ब्लाउजच शिवते, पण लहानपणी त्यांच्या हाताखाली काजं केली आहेत. ते म्हणायचे, गिऱ्हाईक आरशासमोर हात खाली सोडून उभं राहतं आणि मुंढा वर असला की "काखेत लागतंय मास्तर" म्हणतं. मग मास्तर मुंढा खोल करतो, गिऱ्हाईक खूष होऊन जातं, आणि पहिल्यांदा हात वर केला की बोंब. तयार कपड्यांत तर मुंढा मोठा ठेवण्यावाचून गत्यंतरच नसतं. एकच बेत (कापायचा नमुना) शंभर जणांच्या अंगावर चढवायचा असतो.

अर्धी_बाही | मंगळवार, सकाळी ९.३०

ताई, एका प्रतिसादात धागा संपवलात की! कपाट उघडून आत्ताच पाहिलं. माझ्या लग्नाच्या सुटाच्या मुंढ्यात माझी मूठ आरामात फिरते.

थेम्सकाठी | मंगळवार, दुपारी ४.१५

संपला कुठे, आता तर सुरू झाला. मी लंडनमध्ये पिकॅडिलीपासून दहा मिनिटांवर नोकरीला आहे. दुपारी डबा खाऊन पाय मोकळे करायला बऱ्याचदा सॅव्हिल रोवर, म्हणजे इथल्या नामांकित शिंप्यांच्या गल्लीत, जातो. (विकत घ्यायला नव्हे. सुरुवातच पाच हजार पौंडांच्या पुढे. तेवढ्यात आमच्याकडे कार येते, जुनी का असेना.)

गल्ली म्हणाल तर लहानशी. मजा वर नाही, खाली आहे. बऱ्याच दुकानांचे कारखाने तळघरात, आणि फुटपाथच्या कठड्यावरून वाकलं की खालच्या खिडक्यांतून माणसं शिवताना दिसतात. एकदा बराच वेळ बघत उभा होतो. कोटाची एक बाजू मांडीवर घेऊन एक बाई लॅपलच्या, म्हणजे छातीवर उलटणाऱ्या कॉलरखालच्या पट्टीच्या, आत टाके घालत होत्या. डाव्या हाताच्या बोटांवर लॅपल वळवून धरलेली आणि तशी वळवलेली असतानाच तिरपे बारीक टाके, एकाखाली एक, शेकडो. मला वाटत होतं लॅपलचा तो गोल वळसा इस्त्रीने येतो. तर नाही, तो टाक्यांत शिवलेला असतो. म्हणून तो बसत नाही, आणि इस्त्रीने दाबून पापडासारखा सपाट केला तरी परत उठतो.

आत घोड्याच्या केसांचा आणि सुती-लिनन कापडाचा कॅनव्हास असतो. आपल्याकडे हल्ली बहुतेक ठिकाणी फ्यूजिंग, म्हणजे गरम करून चिकटवलेलं अस्तर. ते वेळ वाचवतं, पण छातीवर पुठ्ठा बांधल्यासारखं दिसतं आणि काही वर्षांनी फोड येतात. कॅनव्हास टाक्यांवर तरंगतो, अंगाच्या उबेने हळूहळू छातीचा आकार घेतो.

इथे बेतणारा वेगळा, शिवणारा वेगळा. बेतणारा मास्तर माप घेतो, तपकिरी कागदावर तुमच्या एकट्यासाठी बेत काढतो आणि तो कागद तुमच्या नावाने टांगून ठेवतो. कोट एकाकडे, पाटलोण दुसऱ्याकडे, काजं तिसऱ्याकडे. मधे दोन-तीन ट्रायल. पहिल्या ट्रायलला पांढऱ्या धावदोऱ्याने नुसता टाचलेला सांगाडा अंगावर चढवतात, खडूने खुणा करतात आणि नंतर तो चक्क उसवून परत सपाट करतात. इथल्या शिंप्यांच्या संघटनेचा दंडक म्हणजे एका सुटाला किमान ५० तास हातकाम. सगळ्यात जुन्यांपैकी हेन्री पूल, १८०६ पासून. १८६५ मध्ये त्यांनी युवराज एडवर्डसाठी बिनशेपटीचा आखूड कोट शिवला, घरगुती जेवणाला घालायला. आज बॉण्ड घालतो त्या डिनर जॅकेटचा तो पूर्वज.

मॅटिनी_शो | मंगळवार, रात्री १०.५०

थेम्सकाठी, तुमच्या त्या तळघरांनीच निम्मं हॉलिवूड शिवलं आहे. मी सिनेमाच्या बाजूने लिहितो.

सुरुवात ग्रँटपासूनच. त्याला आपण अमेरिकन धरतो, पण हा ब्रिस्टलचा, १९०४ चा जन्म, खरं नाव आर्चिबाल्ड लीच. आणि वडील काय करायचे? कपड्यांच्या कारखान्यात शिवलेल्या कपड्यांना इस्त्री! पोराच्या सुटाची इस्त्री मोडत नाही म्हणून आपण थक्क होतो, ती घरातूनच आलेली. त्या राखाडी सुटाचं श्रेय साधारणपणे सॅव्हिल रोच्या किलगर, फ्रेंच अँड स्टॅनबरीला देतात. ग्रँटची मान जाड, डोकं मोठं. शिंप्यांनी खांदे असे बांधले की डोकं प्रमाणात दिसावं. बेरकीसाहेब, देखणेपणा काही अंशी असा बेतलेलाही असतो.

पण मुंढ्याचा खरा राजा फ्रेड अ‍ॅस्टेअर. तो अँडरसन अँड शेपर्डकडे शिवायचा. सांगतात की ट्रायलला आला की गालिचा गुंडाळून बाजूला सारायचा आणि आरशासमोर नाचून बघायचा. उडी मारून खाली आल्यावर कॉलर मानेवर आहे का, तेवढंच पाहायचं. 'टॉप हॅट' (१९३५) मध्ये शेपटीच्या कोटात तो नाचतो तिथे आवाज बंद करून नुसता मानेकडे बघा. नाचणाऱ्याच्या त्या कोटाला पुढे बटण लावायची सोय नसते, म्हणजे अंगावर धरून ठेवायला फक्त खांदे, कॉलर आणि मुंढा.

या अँडरसन अँड शेपर्डची युक्ती अशी: मुंढा लहान आणि उंच, पण त्यात बसवायची बाही मात्र मोठी! ती जादा गोलाई हाताने थोडी थोडी मुरवत, चुणी न पडू देता बसवायची. मशिनला ते जमत नाही. सुईदोराताई, बरोबर का?

सुईदोरा | बुधवार, सकाळी ६.५०

शंभर टक्के. बाही 'मुरवणे' हाच शब्द आमच्याकडेही. पुन्हा कापडावर अवलंबून. लोकरीत मुरते, वाफ दिली की आटते. पॉलिस्टरमध्ये मुरवायला जा, फुग्याची बाही होते.

मॅटिनी_शो | बुधवार, सकाळी ११.२०

'वाफ दिली की आटते' हे तर अख्ख्या इंग्रजी शिंपीकामाचं सूत्र झालं. लोकर आटते, ताणली जाते, वळते. सुती कापड ऐकत नाही.

राहिलेलं सांगून टाकतो. अँडरसन अँड शेपर्डचे संस्थापक अँडरसन हे फ्रेडरिक शोल्टे नावाच्या मास्तरांचे शिष्य. दुकान १९०६ चं. शोल्टेंनी गार्ड पलटणीतल्या अधिकाऱ्यांचे ओव्हरकोट पाहिले. कमरेला पट्टा आवळला की छातीवर आणि पाठीवर कापड उभ्या घड्यांनी पडायचं आणि माणूस रुंद दिसायचा. साध्या कोटात त्यांनी तीच ढील मुद्दाम ठेवली. छाती भरलेली, कंबर घेतलेली, खांद्यात भरताड नाही. त्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे पुढे राजेपद सोडलेला एडवर्ड, ड्यूक ऑफ विंडसर (१८६५ चा युवराज वेगळा). चाळीसेक वर्षं कोट शोल्टेंकडून आणि पाटलोण मात्र न्यूयॉर्कहून! कोट या शिंप्याचा आणि पाटलोण साता समुद्रापलीकडची, हे श्रीमंतीचं कौतुक ऐकून माझ्या आजीने कपाळावर हात मारला असता.

याच एडवर्डला रात्रीच्या पोशाखाला काळ्याऐवजी गडद निळा रंग आवडायचा. दिव्याच्या उजेडात काळं कापड फिकं, कधी हिरवट दिसतं आणि मध्यरात्रीचा निळा काळ्याहून काळा. 'डॉ. नो' (१९६२) मध्ये बॉण्ड पहिल्यांदा पत्त्यांच्या टेबलावर दिसतो तो असाच गडद निळ्यात.

आणि बॉण्डचा किस्सा सगळ्यांना माहीत असेल तरी सांगतो. शॉन कॉनरी म्हणजे एडिंबरात कधीकाळी दूध घालणारा, शरीर कमावलेला गडी. सुटाशी संबंध नाही. दिग्दर्शक टेरेन्स यंगने त्याला आपल्या शिंप्याकडे नेलं, कॉन्ड्युइट स्ट्रीटच्या अँथनी सिंक्लेअरकडे, आणि सांगितलं, सूट घालून झोपत जा. सकाळी उठल्यावर सूट अंगावर आहे याचं भान राहिलं नाही की काम झालं. पडद्यावर तो खिशात हात घालतो, पळतो, मारामारी करतो, पण सूट सांभाळतोय असं कुठेच दिसत नाही. आपल्याकडे लग्नात नवरदेव तासाभरात दहा वेळा कोट खाली ओढतो.

गुळपोळी | बुधवार, दुपारी १.०२

वाचतेय. या सगळ्यात बायका कुठेच नाहीत का?

मॅटिनी_शो | बुधवार, दुपारी १.३०

आहेत तर. मार्लेने डीट्रिश! 'मोरोक्को' (१९३०) मध्ये शेपटीचा कोट आणि टॉप हॅट घालून आली आणि खळबळ उडवून दिली. तीही अँडरसन अँड शेपर्डची गिऱ्हाईक. म्हणजे त्यांच्या वहीत मूकपटांचा नायक व्हॅलेंटिनो, अ‍ॅस्टेअर आणि डीट्रिश, तिघंही.

कापडगिरणी | बुधवार, सायंकाळी ६.४५

मुंढा झाला, बाही झाली, कापडाबद्दल कोणीच बोलेना. तीस वर्षं गिरणीत काढली आहेत, राहवत नाही.

जुन्या सिनेमातली पाटलोण पाहा. कमरेपासून बुटापर्यंत पडद्यासारखी सरळ पडते. चालताना हलते आणि पाऊल टेकलं की लगेच परत उभी. हे वजनाचं काम. तेव्हाचं सुटाचं कापड वारी १६-१८ औंस, म्हणजे मीटरला साधारण ५०० ग्रॅम. आज दुकानात मिळतं ते ८-९ औंस. निम्मं! हलकं कापड अंगाला चिकटतं, गुडघ्यावर फुगतं, सुरकुती धरतं. जड कापड स्वतःच्या वजनाने सुरकुती सोडतं. ग्रँटच्या सुटाचं तुम्हाला जे कौतुक वाटतं त्यात सुताचा वाटा मोठा असणार.

आता इतकं जड का घालायचे? घरं थंड म्हणून. कोळशाच्या शेगडीपासून चार हात लांब गेलं की कुडकुड. घरोघरी हीटर आले आणि कापड पातळ झालं. फ्लॅनेलचं नाव निघालं की सॉमरसेटच्या फॉक्स ब्रदर्सचं आलंच, १७७२ पासून. वर्स्टेड, म्हणजे गुळगुळीत लोकरी कापड, हडर्सफील्डचं. आणि हॅरिस ट्वीड म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर विणकराच्या घरात हातमागावर विणलेलं. इतरांनी ते नाव वापरू नये म्हणून १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेने वेगळा कायदा केला. आपल्या पैठणीला अशी माया कधी मिळाली तर!

कृष्णधवल पडद्यावर रंग नसतो, मग कॅमेऱ्याला दिसतं काय? पोत. ट्वीडचे दाणे, फ्लॅनेलची लव, चौकडीची जाळी. म्हणून त्या काळातला साधा कारकूनसुद्धा पडद्यावर भारदस्त वाटतो.

एक सावधगिरी. मुंबईत १६ औंसाचा सूट शिवायच्या भानगडीत पडू नका. मे महिन्यात अ‍ॅडमिट व्हाल. भरपूर पीळ दिलेल्या सुताचं मोकळं विणलेलं कापड मागा. हवा आरपार जाते, तरी सुरकुती धरत नाही.

बेरकी_बोका | बुधवार, रात्री ९.१०

सगळं छान. पण कोणीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणतो. ही भरदार छाती, हा डौल, हे राजे-युवराज... याचा पैसा कुठून आला? आपल्या कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर लंगोटी आणि हे साहेब पाटलोण न्यूयॉर्कहून मागवणार. आणि आपण त्यांचे मुंढे मोजत बसलोय.

नदीपलीकडे | बुधवार, रात्री १०.३३

बोकोबा, मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा.

आमच्या वस्तीत सूट म्हटलं की साहेब आठवत नाही, बाबासाहेब आठवतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, आणि अंगात कोट, वेस्टकोट, टाय. ज्यांनी काय नेसावं आणि काय नेसू नये हे गावाने ठरवलेलं होतं, त्यांच्यातला एक माणूस तीन तुकड्यांचा सूट घालून परिषदेत बसतो, तेव्हा त्याचा अर्थ इंग्रजांची नक्कल असा होत नाही. गावोगावच्या पुतळ्यात निळा सूट आहे तो उगाच नाही. माझ्या आज्याने आयुष्यात एकच कोट शिवला, चौदा एप्रिलला घालायला. सगळा हिशेब साम्राज्याच्या वहीत मांडला तर तो कोट कुठल्या पानावर लिहायचा?

बेरकी_बोका | बुधवार, रात्री १०.५८

हे मान्य. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण तुमचा डोक्यात राहील.

मॅटिनी_शो | गुरुवार, सकाळी ८.४०

दुसरं टोकही आपल्याच लोकांत आहे. गांधीजी १८८८ मध्ये विलायतेला गेले तेव्हा त्यांना वाटलं की आपले मुंबईच्या बेताचे कपडे इथे शोभत नाहीत. मग आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून नवे घेतले, १९ शिलिंगांची उंच टोपी घेतली आणि बाँड स्ट्रीटवर संध्याकाळचा सूट शिवण्यात दहा पौंड उडवले. आत्मकथेत त्यांनी स्वतःच कबूल केलंय, 'उडवले' याच सुरात. ज्याने पुढे पंचा नेसून अख्ख्या साम्राज्याला अवघडून टाकलं, त्याला कपडा काय बोलतो हे बाँड स्ट्रीटवरच कळलेलं होतं.

आणि हे पडद्यावर कोणी उभं केलं? 'गांधी' (१९८२) च्या वेशभूषेचं ऑस्कर १९८३ मध्ये जॉन मोलो आणि भानू अथय्या या दोघांना विभागून मिळालं. भानूताई आपल्या कोल्हापूरच्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती. सिनेमात दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेतला कडक कॉलरचा तरुण बॅरिस्टर बघा आणि तिथून एकेक कपडा कसा गळत जातो ते बघा. संवाद न ऐकतादेखील कथा कळते.

थेम्सकाठी | गुरुवार, दुपारी ३.२०

मॅटिनी, वा! एक भर. दुसऱ्या महायुद्धात इथलं सरकारच शिंपी झालं होतं. जून १९४१ पासून कपड्यांना कूपन, ते १९४९ पर्यंत. १९४२ च्या नियमांनी पाटलोणीच्या पायाची दुमड बंद, खिसे मोजून, बटणं मोजून. लोकही वस्ताद: मुद्दाम लांब पाटलोण घ्यायची आणि घरी जाऊन दुमड घालायची! त्या वर्षांतले इंग्रजी सिनेमे बघताना नायकाच्या बुटाकडे नजर टाका, पाय सपाट दिसले तर कारण हे.

मग साठचं दशक. सॅव्हिल रोच्या खिडक्यांना पूर्वी पडदे असायचे, आत कोण शिवतंय ते दिसू नये म्हणून. १९६९ मध्ये टॉमी नटरने ३५-ए नंबरला उघडी काचेची खिडकी मांडली, बेतायला एडवर्ड सेक्स्टन. लॅपल पंख्याएवढ्या. 'अ‍ॅबी रोड' अल्बमच्या मुखपृष्ठावर रस्ता ओलांडणाऱ्या चार बीटल्सपैकी तिघांच्या अंगावर नटरचे सूट आहेत, चौथा जॉर्ज हॅरिसन डेनिममध्ये. त्याच वर्षी ३० जानेवारीला त्यांनी गच्चीवर शेवटचं वाजवलं ती इमारतसुद्धा याच गल्लीत, ३ नंबर. पुढे १९८९ च्या 'बॅटमन'मधल्या जोकरचे जांभळे सूटही नटरचेच.

सुईदोरा | गुरुवार, रात्री ८.१५

हे सगळं वाचून मी मुलाकडून 'टॉप हॅट'चं गाणं लावून घेतलं. पाय कोण बघतंय, मी मुंढाच बघत बसले. माणूस दोन्ही हात खांद्याच्या वर नेतो आणि कॉलरीत फट नाही. वडील असते तर म्हणाले असते, कारागिराला मुजरा.

आणखी एक बघितलं. पाटलोण बेंबीपर्यंत आहे, गॅलिसवर, म्हणजे खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यांवर, टांगलेली. हल्लीच्या सुटात पाटलोण खाली घसरलेली आणि कोट आखूड, त्यामुळे बटणाखाली शर्टाचा पांढरा त्रिकोण आणि त्यात टायचं टोक. रस्त्यावरच्या निम्म्या नवरदेवांना तो त्रिकोण असतो. जुन्यांत तो नाही, कोटाचं बटण आणि पाटलोणीची कंबर एका रेषेत. उंची मग आपोआप वाढलेली दिसते.

कापडगिरणी | गुरुवार, रात्री ८.४०

गॅलिस! हा शब्द कित्येक वर्षांनी वाचला. पट्ट्याने पाटलोण आवळली जाते, गॅलिसने टांगली जाते. टांगलेलं कापड सरळ पडणारच.

अर्धी_बाही | सतरा दिवसांनी, रविवार, सायंकाळी ५.२०

धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

आजोबांचा एक कोट माळ्यावर ट्रंकेत होता. ते सरकारी नोकरीत होते, कोट पन्नासच्या दशकातला, मुंबईत शिवलेला. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून गेला नाही. सहज घालून पाहिला. पोटावर बटण लागायचं नाव नाही, पण हात वर केला आणि कॉलर जागची हलली नाही! आरशासमोर दहा मिनिटं टॅक्सी थांबवत उभा होतो. बायकोने विचारलं, कुठे निघालात.

कोट घेऊन आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक मशीन, एक टेबल. हल्ली शाळेचे गणवेश आणि पँटची उंची कमी करून देणं एवढंच चालतं. त्यांनी कोट उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कोट अगदी डोळ्यांशी नेला. अस्तर एका कडेला आधीच उसवलेलं होतं, तिथून बोट आत घालून चाचपत राहिले. मग मला बोलावून दाखवलं: तपकिरी कॅनव्हास, त्यावर तिरपे पांढरे टाके, थेम्सकाठींनी लिहिले तसेच. काही टाके लांब, काही आखूड. "हाताचं आहे," एवढंच म्हणाले. बराच वेळ कोट खाली ठेवेनात.

मी म्हटलं, नवा शिवायचा आहे, मुंढा असाच पाहिजे. तर म्हणतात, "इतका वर नाही घेत आता. काखेत लागलं म्हणून कपडा परत आणाल." मी म्हटलं, नाही आणणार. तरी पाऊण इंचावर घासाघीस झाली. शेवटी मी कागदावर लिहून दिलं की तक्रार करणार नाही. तो कागद त्यांनी खरंच टाचणीने मापाच्या वहीला लावून ठेवला.

कापड कापडगिरणी काकांनी सांगितलं तसं मोकळ्या विणीचं घेतलं. काल पहिली ट्रायल. पांढऱ्या धावदोऱ्याने टाचलेला, एकच बाही लावलेली. (हो, माझं इथलं नाव सार्थकी लागलं.) मास्तर म्हणाले, लोकलची कडी धरल्यासारखा हात करा. धरला. त्यांनी मानेमागे बोट घालून बघितलं. फट नाही.

बेरकी_बोका | रविवार, सायंकाळी ५.३१

अभिनंदन. आता मक्याच्या शेतात पालथं पडून दाखवा.

सुईदोरा | रविवार, सायंकाळी ६.०४

हात खाली सोडलेला फोटोही टाका. बाही मागून कशी पडते ते बघायचंय.

अर्धी_बाही | रविवार, सायंकाळी ६.२२

टाकतो. हात खाली सोडला की बाहीच्या मागे, खांद्याच्या पात्याजवळ एक उभी सुरकुती येते. मी म्हटलं, ही काढून टाका. मास्तरांनी खडू उचलला आणि परत कानाला लावला. म्हणाले, "ती काढली तर कडी धरता येणार नाही."

दुसरी ट्रायल गुरुवारी. दुसरी बाही तेव्हा.